आधीं आला त्याचें पाणी

सार्वजनिक विहिरीवर जो आधीं येईल त्यानें आधीं भरावें, ही रीत इतकी सर्वमान्य आहे कीं तिच्यामागें कोणतें नीतितत्त्व आहे हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आगगाडीच्या डब्यांतील जागा, टपालकचेरीच्या खिडकीपुढील रांग, नाटकगृहांतील खुर्ची, सर्वत्र आपण हाच न्याय लावतों आणि उशिरां आलेल्यास मुकाट्यानें मागें उभें राहावयास सांगतों. उशिरां येणारा कदाचित् अधिक तहानलेला असेल, कदाचित् त्याच्या घरीं आजारी माणूस असेल. पण रांगेस हें विचारतां येत नाहीं, आणि विचारतां येत नाहीं हाच रांगेचा गुण असें आपण मानतों. परंतु विहिरीवरील रांगेंत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: पहिल्यानें घागर भरल्यावर विहिरींत दुसऱ्यासाठीं पाणी उरतें. तें उरत नसेल तर? पहिल्याची घागर विहिरीएवढीच मोठी असेल, तर नुसतें आधीं येणें हा हक्क होऊं शकतो काय?

हा प्रश्न केवळ वादासाठीं काढलेला नाहीं. अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोरड्या राज्यांत पाण्याचा सबंध कायदा याच तत्त्वावर उभा आहे. आणि तेथील एका खोऱ्यांत या तत्त्वानें चालू शतकाच्या आरंभापासून जे प्रसंग आणले ते पाहिले म्हणजे नीतिशास्त्राचीं पुस्तकें कांहीं काळ मिटून ठेवावीं आणि त्या खोऱ्याकडेच पाहात बसावें असें वाटूं लागतें.

ऑरेगन व कॅलिफोर्निया या दोन राज्यांच्या सीमेवर, कॅस्केड पर्वताच्या पूर्वेस, समुद्रसपाटीपासून ४,००० फुटांहून अधिक उंचीवर क्लामाथ नांवाचें हें खोरें आहे. पश्चिमेकडून येणारे ढग पर्वताच्या पलीकडच्या उतारावरच रिकामे होतात. खोऱ्याच्या तळाशीं वर्षाकाठीं १५ इंचांहून कमी पाऊस पडतो, त्यांतलाही बराचसा हिवाळ्यांत, बर्फाच्या रूपानें. वाळवंट म्हटलें कीं आमच्या डोळ्यांपुढें वाळूच्या टेकड्या येतात. येथें तसें कांहीं नाहीं. राखी रंगाचीं सेजब्रशचीं झुडपें, ज्वालामुखीचा काळा खडक, आणि मध्येंच, जेथें नदी पसरली असेल तेथें, डोळ्यांवर विश्वास बसूं नये इतकें हिरवें गवत. उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. पर्वतावर सांचलेलें बर्फ हाच या प्रदेशाचा हौद. तो किती भरला यावर पुढच्या वर्षाचें सर्व कांहीं अवलंबून. वुड, विल्यमसन आणि तिला मिळणारी स्प्रेग या नद्या अप्पर क्लामाथ नांवाच्या विस्तीर्ण पण उथळ सरोवरांत येऊन पडतात. त्या सरोवरांतून निघालेलें पाणी क्लामाथ नदी होऊन पर्वत फोडतें आणि कॅलिफोर्नियांतून पॅसिफिक महासागरास मिळतें.

सरोवराच्या वरच्या अंगास गुरें पाळणाऱ्यांचीं कुरणें आहेत. 'रँच' या शब्दास आमच्या भाषेंत नेमका प्रतिशब्द नाहीं, कारण तसा संसारच आमच्याकडे नाहीं: शेंकडों एकरांचें एकाच्या मालकीचें कुरण, त्यावर चरणारीं मांसासाठीं पाळलेलीं गुरें, आणि हिवाळ्याच्या बेगमीसाठीं कापून वाळवलेलें गवत. वसंत ऋतूंत बर्फ वितळूं लागलें कीं नदीचें पाणी पाटांनीं वळवून कुरणभर पसरावयाचें, आणि गुडघाभर गवत उभें राहिलें कीं गुरें सोडावयाचीं. वुड नदीच्या खोऱ्यांतील गवत इतकें कसदार कीं कॅलिफोर्नियांतील मालकही आपलीं गुरें उन्हाळ्यापुरतीं तेथें आणून चारतात. सरोवराच्या खालच्या अंगास सरकारी कालव्यावर बटाटे, कांदे, सातू व लसूणघास पिकविणारे शेतकरी आहेत. आणि पार नदीच्या मुखाशीं यूरोक नांवाचे मूळ रहिवासी सामन माशांवर पिढ्यान् पिढ्या जगत आलेले आहेत. पाणी मात्र एकच.

आतां या पाण्याचा कायदा. इंग्लंडांतील जुना न्याय असा कीं नदीकांठीं ज्याची जमीन त्यानें नदीचा वाजवी उपयोग करावा व शेजाऱ्यासाठीं ती वाहती ठेवावी. १८४८ सालीं कॅलिफोर्नियांत सोनें सांपडलें, आणि तेथें धांवलेल्या खाणवाल्यांस हा न्याय निरुपयोगी ठरला. कारण सोनें धुण्यासाठीं पाणी नदीपासून मैल न् मैल दूर न्यावें लागे, आणि जमीन तर त्यांच्यापैकीं कोणाचीच नव्हती. तेव्हां त्यांनीं आपसांत ठरविलें कीं ज्यानें आधीं पाट खणून पाणी उपयोगांत आणलें त्याचा हक्क पहिला. १८५५ सालीं आयर्विन विरुद्ध फिलिप्स या खटल्यांत कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें हा खाणींतला नियम उचलून धरला. १८८२ सालीं कोलोरॅडोच्या न्यायालयानें त्यापुढें जाऊन इंग्लिश न्याय कोरड्या मुलुखास लागूच पडत नाहीं असा निकाल दिला. ऑरेगननें १९०९ सालीं आपला कायदा याच पायावर रचला.

या नियमाचा कडवेपणा दुरून ध्यानांत येत नाहीं. प्रत्येक हक्कास एक वर्ष चिकटलेलें असतें. ज्याच्या कागदावर १८८५ आहे त्याचा सर्व भाग पुरा होईपर्यंत १८८६ वाल्यास एक थेंबही मिळावयाचा नाहीं. टंचाईच्या वर्षीं पहिल्यानें नुसती मागणी नोंदवावी. मग सरकारी अंमलदार येऊन मागच्या क्रमाच्या पाटांचे दरवाजे एकेक करून खालीं पाडतो. निम्में पाणी आलें तर सर्वांस निम्में निम्में, हा विचार त्यांत नाहीं. एकाचें कुरण हिरवेंगार आणि कुंपणापलीकडील शेजाऱ्याचें करपलेलें, हें त्या कायद्याप्रमाणें सुरळीत चाललेल्या कारभाराचें चित्र होय.

तरी या नियमास सरसकट रानटी म्हणणें बरोबर नाहीं. ज्या मुलुखांत पाट खणल्यावांचून गवताची काडी उगवत नाहीं तेथें पाट खणणाऱ्यास उद्यांच्या पाण्याची हमी पाहिजे. मागून दहाजण येऊन आपला पाट कोरडा पाडणार असें दिसलें तर पहिला मनुष्य कुदळच उचलणार नाहीं. नियम स्पष्ट होता, सांगतां येण्यासारखा होता, आणि लाच देऊन वर्ष बदलतां येत नव्हतें. नव्या वस्तींत, जेथें न्यायाधीश दोन दिवसांच्या वाटेवर असे, तेथें हे गुण लहान नव्हेत.

मालमत्तेच्या हक्काचें प्रसिद्ध समर्थन करणारा इंग्रज तत्त्ववेत्ता जॉन लॉक यानें सतराव्या शतकाच्या अखेरीस म्हटलें कीं निसर्गांतील वस्तूंत मनुष्य आपले श्रम मिसळतो तेव्हां ती वस्तू त्याची होते. मात्र त्यानें एक अट घातली: इतरांसाठीं तितकेंच आणि तितकेंच चांगलें उरलें पाहिजे. गंमत अशी कीं ही अट समजावून देतांना त्यास जो दृष्टांत सुचला तो पाण्याचाच. एकानें नदीवर मोठा घोट घेतला तरी मागें सबंध नदी वाहत आहे, मग दुसऱ्याचें काय गेलें? इंग्लंडच्या हवेंत राहणाऱ्यास हा दृष्टांत सुचणें स्वाभाविक आहे. क्लामाथच्या कांठीं तो बसला असता तर त्यास दुसरा शोधावा लागला असता. अमेरिकेंतील कायद्यानें लॉकचें पहिलें वाक्य घेतलें आणि अट सोडून दिली, असें आम्हांस वाटतें. कारण अट पाळावयाची तर पहिल्या पाटानंतर बहुधा दुसरा पाटच खणतां आला नसता.

पण 'आधीं' म्हणजे केव्हांपासून? येथून खरी कथा सुरू होते.

१८६४ सालीं क्लामाथ, मोडोक व याहूस्किन या लोकांनीं अमेरिकेच्या सरकाराशीं तह केला. दोन कोटींहून अधिक एकर मुलूख त्यांनीं सोडून दिला. सुमारें दहावा हिस्सा जमीन त्यांच्यासाठीं राखण्यांत आली, आणि तेथील नद्यांत व सरोवरांत मासे धरण्याचा हक्क त्यांचाच राहील असें वचन देण्यांत आलें. मोडोकांस परक्या जागीं करमेना. ते आपल्या लॉस्ट नदीच्या कांठीं परत गेले, आणि १८७२-७३ मध्यें त्यांच्यावर युद्ध झालें. साठांहून कमी लढवय्यांनीं लाव्हाच्या खडकांत दडून सैन्यास महिनोगणती झुंजविलें. शेवटीं त्यांचा नायक किंतपुआश यास ऑक्टोबर १८७३ मध्यें फांशी देण्यांत आलें आणि उरलेल्या दीडएकशें माणसांस दूर ओक्लाहोमाच्या बाजूस धाडण्यांत आलें. राखून दिलेली जमीनही पुढें टिकली नाहीं. १९५४ च्या कायद्यानें या जमातींचें अस्तित्वच सरकारदप्तरीं संपविण्यांत आलें; बहुतेकांस माणशीं सुमारें ४३,००० डॉलर देऊन वाटेस लावलें, आणि अरण्यांचा मोठा भाग सरकारी वन झाला. जमातींस पुन्हां मान्यता मिळाली ती १९८६ सालीं.

दुसरें वचन १९०५ सालचें. ओसाड जमीन पाण्याखालीं आणण्यासाठीं १९०२ सालीं झालेल्या कायद्यान्वयें सरकारनें क्लामाथची योजना हातीं घेतली. टूली नांवाचें सरोवर व आसपासच्या दलदली आटवून त्यांच्या तळाची काळी जमीन नांगराखालीं आणली. पहिल्या महायुद्धानंतर ती सैनिकांस अग्रक्रमानें देण्यांत आली. दुसऱ्या महायुद्धांत याच आटलेल्या तळावर जपानी वंशाच्या अमेरिकनांस डांबण्याची छावणी उभी राहिली. एके काळीं तींत १८,००० हून अधिक माणसें होतीं. छावणी १९४६ सालीं मोडली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत परतलेल्या सैनिकांसाठीं ८६ शेतांची सोडत निघाली. नांवांच्या चिठ्ठ्या ज्या भांड्यांतून काढल्या ती होती लोणच्याची बरणी. ज्यांचीं नांवें निघालीं त्यांस छावणींतल्या बराकी घरें बांधण्यासाठीं मिळाल्या. एका मनुष्यास विनाअपराध कोंडलेली बराक, दुसऱ्या मनुष्यास शौर्याचें बक्षीस म्हणून: सरकारच्या काटकसरीचें याहून मोठें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं. पण त्या सैनिकाचा यांत काय दोष? त्यास सांगण्यांत आलें होतें कीं ही जमीन तुझी, आणि तिला लागणारें पाणी कायमचें.

आतां एकाच वचन देणाऱ्यानें एकच पाणी दोघांस दिलेलें आहे हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. बर्फ भरपूर पडे तोंवर हें कोणास जाणवलें नाहीं. १९०८ सालीं विंटर्स नांवाच्या मोंटानांतील खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सांगून ठेवलें होतें कीं मूळ रहिवाशांस जमीन जगण्यासाठीं राखून दिली, तेव्हां तिच्याबरोबर लागणारें पाणीही राखून दिलें असेंच समजलें पाहिजे. पण हा निकाल अनेक दशकें ग्रंथांतच राहिला. १९८३ सालीं अडेअर खटल्यांत वरिष्ठ न्यायालयानें तो क्लामाथला लावला आणि म्हटलें कीं मासे धरण्यासाठीं लागणाऱ्या पाण्यावर या लोकांचा हक्क १८६४ पासूनचा देखील नाहीं. तहानें तो दिलाच नाहीं, होता तो मान्य केला. म्हणून त्याचें वर्ष 'स्मरणातीत काळ' हें होय. जमीन गेली तरी तो गेला नव्हता. हा हक्क पाणी घेण्याचाही नाहीं. नदींत व सरोवरांत अमुक इतकें पाणी राहूं द्यावें, तें दुसऱ्यांनीं उपसूं नये, एवढाच आहे.

पुढें जें झालें तें थोडक्यांत सांगतों. सरोवरांतील दोन जातींचे मासे, ज्यांस तेथील लोक चवाम व कॉप्टू म्हणतात, नष्टप्राय होत चालल्याचें सरकारनें १९८८ सालीं जाहीर केलें. एप्रिल २००१ मध्यें, मोठ्या अवर्षणांत, त्या माशांसाठीं व खालच्या नदींतील सामनांसाठीं सरकारनें शेतकऱ्यांचे कालवे जवळजवळ पूर्ण बंद केले. हजाराहून अधिक शेतकऱ्यांची सुमारें दोन लाख एकर जमीन पेरणीच्या तोंडावर कोरडी राहिली. हजारों लोकांनीं क्लामाथ फॉल्स गांवांतून रांग धरून सरोवराचें पाणी बादल्यांनीं हातोहात कालव्यांत ओतलें. पुढें कांहींनीं कालव्याचे दरवाजे बळानें उघडले. २००२ सालीं सरकारनें माघार घेतली, दोन मंत्र्यांच्या हस्तें समारंभानें दरवाजे उघडण्यांत आले, आणि त्याच सप्टेंबरांत खालच्या उथळ व ऊन झालेल्या नदींत रोग पसरून ३०,००० हून अधिक सामन यूरोकांच्या डोळ्यांदेखत मेले. २०१३ सालीं, १९७५ पासून चाललेल्या चौकशीअंतीं, ऑरेगन सरकारनें वरच्या खोऱ्यांतील सर्व हक्कांचा क्रम लावला. पहिलें नांव क्लामाथ लोकांचें निघालें. जूनमध्यें त्यांनीं आपली मागणी नोंदविली, आणि स्प्रेग, विल्यमसन व वुड यांच्या कांठच्या कुरणांचे पाट इतिहासांत पहिल्यांदाच सरकारी अंमलदारांनीं बंद केले. कित्येकांनीं गुरें विकलीं. त्यांतल्या कांहींचीं कुटुंबें त्या जागीं शतकाहून अधिक काळ होतीं.

येथें एक सोपें उत्तर हाताशीं आहे, आणि पुष्कळांनीं तें दिलेंही. तुमचाच नियम, तुमच्याच नियमानें तुम्ही हरलां. मग तक्रार कसली? शंभर वर्षें तुम्ही मागून आलेल्यास हाच नियम दाखवून कोरडें ठेवलें. तुमच्याही आधींचा कोणी पुढें आला तेव्हांच तो कडू कसा लागला? न्यायालयांत हें उत्तर बिनतोड आहे. आमचें समाधान त्यानें होत नाहीं. नियम सर्वांस सारखा लावला कीं न्यायाचें एक अंग पुरें झालें. नियम मुळांत बरा कीं वाईट हें तेवढ्यानें ठरत नाहीं. ज्या पशुपालकाचें गवत २०१३ च्या उन्हाळ्यांत वाळलें त्यानें हा नियम केलेला नव्हता. त्याच्या आजोबांनीं जमीन पैसे मोजून घेतली, कित्येकदां मूळ रहिवाशाकडूनच घेतली, आणि पाणी तीबरोबर आलें असें प्रामाणिकपणें मानलें. प्रामाणिक समजुतीस नीतीच्या तराजूंत कांहींच वजन नाहीं असें म्हणवत नाहीं.

मग टंचाई वांटून घेण्याची रीत अधिक न्याय्य नाहीं काय? ती त्याच कोरड्या अमेरिकेंत, न्यू मेक्सिकोच्या डोंगरांत, जिवंत आहे. तेथें स्पेनमधून आलेल्या वसाहतवाल्यांनीं खणलेले पाट आहेत. त्यांस असेकिया म्हणतात, आणि तो शब्द अरबांकडून स्पॅनिश लोकांनीं घेतलेला. गांवानें निवडलेला मायोरदोमो, म्हणजे आमच्याकडील पाटकरीच म्हणा, पाण्याच्या पाळ्या ठरवितो. पाणी कमी आलें तर पाळ्या आखूड होतात, आणि वसंत ऋतूंत पाटांतला गाळ उपसावयास सर्वांनीं यावें लागतें. कोणाचा पाट आधींचा हें तेथेंही पाहतात, पण शेजाऱ्याचें झाड वाळत असतां जुना कागद पुढें करणें तेथें शोभत नाहीं. ही रीत आम्हांस मनापासून आवडते, आणि क्लामाथच्या कुरणवाल्यांनींही २०१३ नंतर पाणी वांटून घेण्याची भाषा काढली तेव्हां तिच्याशीं सहमत व्हावें असें प्रथम वाटलें.

परंतु येथेंच मन अडखळतें. १८६४ पासून २०१३ पर्यंत १४९ वर्षें झालीं. या सर्व काळांत रांगेचा नियम चालू होता आणि रांगेंत मूळ रहिवाशांस कोणी उभेंच केलें नव्हतें. ज्या वर्षीं त्यांचा क्रमांक पहिला लागला त्याच वर्षीं रांग ही निर्दय पद्धत आहे असा शोध लागावा, यांत कांहीं तरी अशोभनीय आहे. वांटणीचा आग्रह धरण्याचा नैतिक अधिकार ज्याच्याजवळ भरपूर असतांना त्यानें वांटून दिलें त्यास असतो. मोडोकांची लॉस्ट नदी वांटून घेण्याचा प्रश्न १८७२ मध्यें निघाला नव्हता. शिवाय वांटावयाचें म्हणजे काय? क्लामाथ लोकांचा वांटा सरोवरांत राहणारें पाणी आहे. त्यांतलें निम्में सोडा असें म्हणणें म्हणजे निम्म्या पाण्यांत मासे जगवा असें म्हणणें. आणि मासा निम्मा जगत नाहीं. शेतकरी एका वर्षीं निम्मी जमीन पेरूं शकतो, गुरें निम्मीं ठेवूं शकतो. तोटा दोघांचा सारखा दिसला तरी एकाचा भरून निघणारा आहे आणि दुसऱ्याचा नाहीं.

त्या माशांविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण या वादांत माणसांच्या आरडाओरडींत ते मुके राहतात. चवाम ५० वर्षांहून अधिक जगूं शकतो. आज सरोवरांत जे उरले आहेत ते बहुतेक म्हातारे. अंडीं घालतात, पिलें होतात, पण पिलें मोठीं होईपर्यंत टिकत नाहींत. दलदली आटवून त्यांचीं शेतें केलीं, कुरणांवरचा व शेतांवरचा कस पाण्याबरोबर सरोवरांत उतरला, आणि उन्हाळ्यांत शेवाळाचा हिरवा थर वाढून कुजूं लागला कीं पाण्यांतला प्राणवायु संपतो. म्हणजे प्रश्न नुसत्या पाण्याच्या मापाचाही नाहीं. २००१ पासून पाणी राखून ठेवूनही मासे वाढले नाहींत, असें शेतकरी म्हणतात तें खरें आहे. पण त्यावरून पाणी राखणें व्यर्थ असें अनुमान निघत नाहीं, रोग आणखीही आहे एवढेंच निघतें. क्लामाथ लोकांनीं, ज्यांचा मासे धरण्याचा हक्क तहानें मान्य केलेला, स्वतःच १९८६ सालीं ते धरणें बंद केलें. तेव्हांपासून ते वर्षाला विधीपुरते दोन मासे काय ते घेतात. ज्यांनीं सर्वांआधीं आपला हक्क आवरला त्यांस हक्कांसाठीं अडून बसलेले म्हणावें हें आम्हांस जमत नाहीं.

जातां जातां त्या कायद्यांतील आणखी एका कलमाकडे बोट दाखवावेंसें वाटतें. ऑरेगनांत सतत पांच वर्षें पाणी वापरलें नाहीं तर तें वापरण्याचा हक्क बुडतो. म्हणजे एखाद्या भल्या कुरणवाल्यानें, यंदा गवत बरें आहे, थोडें पाणी नदींतच असूं द्यावें, असें ठरवून तें कायम केलें, तर त्याच्या सद्गुणास शिक्षा ठरलेली. पाणी नदींत ठेवणें हाही एक उपयोग आहे हें त्या राज्यानें १९८७ सालीं कायद्यानें मान्य केलें. पण तोंपर्यंत कित्येक पिढ्यांस उधळपट्टीची शिकवण कायद्यानेंच दिली होती. उलट हेंही खरें कीं कुरण बुडवून पाणी देण्याची जुनी रीत वरून दिसते तितकी वाया नाहीं. पुष्कळ पाणी जमिनींतून झिरपून पुन्हां नदीस मिळतें आणि ओल्या कुरणांवर लाखों पक्षी उतरतात. १९०८ सालीं याच खोऱ्यांत थिओडोर रूझव्हेल्ट यांनीं पाणपक्ष्यांसाठीं अभयारण्य राखलें, पण पाण्याच्या रांगेंत त्यास शेवटीं उभें केलें. २०२० सालीं उरलेल्या डबक्यांत रोग होऊन सुमारें ६०,००० पक्षी मेले. त्यांच्या वतीनें मागणी नोंदविणारा कोणी नव्हता.

असो. आमचें मत एवढेंच कीं या सर्व भांडणांत दोन ऋणें एकमेकांत मिसळलीं गेलीं आहेत. क्लामाथ लोकांचें ऋण पाण्याचें आहे, आणि तें पाण्यानेंच फेडलें पाहिजे; पैसे देऊन त्यांस वाटेस लावण्याचा प्रयोग १९५४ मध्यें झाला आणि तो कसा झाला हें वर आलेंच आहे. शेतकऱ्यांचें व कुरणवाल्यांचें ऋण दुसऱ्या प्रकारचें. आपल्या हातचें नव्हतें तें पाणी सरकारनें त्यांस देऊं केलें. त्यावर विसंबून त्यांनीं आयुष्यें घातलीं. २००१ च्या नुकसानीबद्दल त्यांनीं भरपाई मागितली ती २०१९ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें नाकारली. कारण साधें होतें: पाण्यावर तुमच्या आधींचा हक्क दुसऱ्याचा, तेव्हां तुमचें कांहीं घेतलेंच गेलें नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें यांत चूक काढतां येणार नाहीं. पण दोघांस एकच घोडा विकणाऱ्या व्यापाऱ्यास, घोडा पहिल्या गिऱ्हाइकाचा ठरला म्हणून, दुसऱ्याचे पैसे पचवितां येतात असें कोणत्याही बाजारांत कोणी म्हणणार नाहीं. बरणींतून नांवें काढणारा हात सरकारचा होता. तेव्हां मोल सरकारनें, म्हणजे सबंध राष्ट्रानें, द्यावें. जो विकूं इच्छितो त्याचें पाणी योग्य किंमतीनें घेऊन नदींत सोडावें, आणि तीन शेजाऱ्यांस एकमेकांच्या गळ्याशीं सोडून आपण पंच म्हणून उभें राहूं नये.

पैशानें कुरण भरून येत नाहीं, असें यावर कुरणवाला म्हणेल, आणि तें आम्हांस मान्य आहे. चार घरें उठलीं कीं गांवची शाळा उठते, गवत कापणारा यंत्रवाला उठतो, मग पांचवें घर पाणी असूनही टिकत नाहीं. हा तोटा कोणत्याही हिशेबांत धरतां येत नाहीं. म्हणूनच २०१० सालीं जें झालें तें आम्हांस विशेष वाटतें. क्लामाथ, यूरोक, कालव्यावरचे शेतकरी, मच्छिमार आणि सरकारचे प्रतिनिधी यांनीं एकत्र बसून करार केला. हूपा लोक त्यांतून बाहेर राहिले. वरच्या खोऱ्यांतील कुरणवाल्यांचा स्वतंत्र करार पुढें २०१४ मध्यें झाला. शेतकऱ्यांनीं पाण्याची मर्यादा मान्य केली, क्लामाथ लोकांनीं आपल्या मागणीचा कांहीं भाग आवरतां घेण्याचें कबूल केलें, आणि राष्ट्रानें खोरें सुधारण्याचा खर्च करावा असें ठरलें. वांटून घेण्याचें जें बोलणें तीन वर्षांनीं अशोभनीय वाटलें तेंच येथें शोभलें, कारण आवरून घेण्याचा शब्द पहिल्या क्रमांकाच्या तोंडून आला होता.

त्या करारास अमेरिकेच्या काँग्रेसची मान्यता लागत होती. ती २०१५ च्या अखेरपर्यंत मिळाली नाहीं आणि करार रद्द झाला. नदीवरचीं चार जुनीं विजेचीं धरणें काढण्याचा भाग तेवढा वेगळ्या वाटेनें, वीजकंपनीच्या गिऱ्हाइकांच्या व कॅलिफोर्नियाच्या पैशानें, तडीस गेला. २०२४ सालीं शेवटचें धरण निघालें, आणि त्याच ऑक्टोबरांत सामन मासे शंभराहून अधिक वर्षांनीं ऑरेगनच्या हद्दींत चढून आले. वांटणीचा भाग मात्र पुन्हां कोऱ्या कागदापासून सुरू करावयाचा राहिला आहे.